रेघेबाहेर एक नख

पत्रेवालीच्या पलंगाखाली एक लोखंडी ट्रंक होती आणि ट्रंकेत अकरा बोटी होत्या. वीतभर लांबीच्या, पत्र्याच्या, पोटात मेणबत्तीचा तुकडा पेटवला की फटफट आवाज करत पाण्यावर पळणाऱ्या. अकराच्या अकरा अजूनही पळाल्या असत्या, पण बावीस वर्षांत त्यांतली एकही पाण्याला लागली नव्हती. शेजारची पोरं दारात लोंबकळत असत. त्यांना खुळखुळे मिळत, शिट्ट्या मिळत, दाणे टिपणाऱ्या कोंबड्या मिळत. बोट मागितली की पत्रेवाली म्हणे, "बोटी बुडाल्या रे सगळ्या." आणि हे म्हणताना तिला इतकं बरं वाटे की हातातली ठोकायची मोगरी क्षणभर थांबायची.

डूख धरावा तर तिने. बाकीची माणसं रागावतात, चार दिवस अबोला धरतात आणि पाचव्या दिवशी कुणाच्या तरी दुखण्याचं निमित्त करून बोलायला लागतात. तो हौशी लोकांचा राग. पत्रेवालीचा राग कारागिराचा होता. मोजलेला, कापलेला, कडा दुमडून पक्का केलेला. आणि तो सगळाच्या सगळा एका माणसावर होता, तिच्या सख्ख्या थोरल्या भावावर.

त्यांच्या बापाचं दुकान बसडेपोसमोरच्या कोपऱ्यावर होतं. दुकान म्हणजे पुढे एक फळी आणि मागे एक अंधारी खोली. वर पाटी: 'पत्र्याची खेळणी. वडील व चिरंजीव.' मागच्या खोलीत तेलाचे, रंगाचे, पावडरीचे रिकामे डबे ढिगाने पडलेले. ते उघडायचे, ठोकून सपाट करायचे, छापील बाजू आत जाईल असं पाहायचं आणि कापायला घ्यायचं. पुढे फळीवर पाण्याची परात, आणि परातीपाशी दादा. दादाच्या जिभेला हाड नव्हतं. रडतं पोर तो हसतं करी, आणि नुसता वेळ विचारायला आलेला माणूस बोट घेऊन जाई. हे कसब त्याच्याकडे खरोखरच होतं, कुणी नाही म्हणणार नाही. पत्रेवाली 'नाही' म्हणे, तो भाग वेगळा.

ती मागे बसे. अकराव्या वर्षापासून. पहिलं काम मिळालं कडा घासायचं. कापलेल्या पत्र्याची कड वस्तऱ्यासारखी असते. कानशीने ती बोथट करायची, म्हणजे खेळणाऱ्याचं बोट कापत नाही. घासणाऱ्याची मात्र दहाही कापतात. पण कडा घासता घासताच तिला एक गोष्ट दिसली. बाप जाड पत्र्याचा फर्मा ठेवून अणकुचीदार आरीच्या टोकाने त्याच्याभोवती रेघ ओढायचा आणि त्या रेघेवर कधीच कापायचा नाही. डाव्या हाताचा अंगठा रेघेला टेकवायचा आणि नखाच्या पलीकडून कात्री चालवायची. चारही बाजूंनी एक नख जास्त.

"मग फर्माच मोठा का नाही करत?" तिने विचारलं होतं.

"फर्म्यात आकार असतो. दुमड हातात असते," बाप म्हणाला होता. "फर्मा कुणीही उचलून नेईल."

ते जास्तीचं नख एकदा दुमडायचं, समोरचं नख त्यात अडकवायचं, वरून ठोकायचं आणि मग वितळलेल्या कथलाच्या डाखाचा नुसता एक हात द्यायचा. अशी जोडलेली बोट मोडली तर मोडेल, गळायची नाही. पंधराव्या वर्षी कात्री तिच्या हातात आली. ती चोवीस वर्षांची असताना बापाचे हात थरथरायला लागले, आणि तिथून पुढे नऊ वर्षं त्या दुकानातली प्रत्येक बोट, प्रत्येक कोंबडी तिच्या हातची होती. झिजलेले फर्मेसुद्धा तिनेच नव्याने कापले. मागच्या खोलीत कुणी डोकावलं तर ती पटकन कात्री बापाच्या मांडीवर ठेवी आणि आपण कानस उचली. म्हाताऱ्याची लाज झाकायला. स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव पुसायचा हा उद्योग तिने नऊ वर्षं केला, हेही सांगायला हवं. दादाला सगळं ठाऊक होतं. फळीमागून आत दिसायचं.

लग्न तिने शेजारच्या गल्लीतल्या घड्याळवाल्याशी केलं. शांत माणूस, डोळ्याला भिंग लावून दिवसभर खिडकीत बसणारा. लग्नानंतरही ती रोज सकाळी दुकानात जाई.

बाप गेला. त्यानंतर दोन आठवड्यांनी वर्तमानपत्राचा माणूस आला. ती आत कापत होती आणि मधल्या फळीतून शब्द अन् शब्द ऐकू येत होता. दादा बोट हातात धरून, बापाने आपल्याला कसं घडवलं ते रंगवून सांगत होता. मग त्या माणसाने विचारलं, "आत कोण ठोकतंय?"

"ती? बहीण माझी," दादा म्हणाला. "बाबांच्या वेळी कडा घासायची. अजून येते, सवयीने."

छापून आलं. फोटोत दादा, दादाच्या हातात तिने आदल्या दिवशी केलेली बोट.

तिने तो अंक त्याच्यासमोर ठेवला तेव्हा दादा हसला. "अगं छोटे, लोकांना गोष्टीत एक माणूस पुरतो. दोन झाले की गोंधळतात. आणि पाटी काय म्हणते? वडील व चिरंजीव."

"पाटी बदल मग."

"तू आता दुसऱ्या घरची. आणि एवढं लागलं असेल तर नको येऊस. फर्मे आहेत ना. रेघ मारायची आणि कापायचं. त्यात काय एवढं?"

तिच्या तोंडाशी ते नख आलं होतं. नुसतं सांगायचं होतं, की दादा, रेघेवर कापू नकोस. तिने तोंड उघडलं, आणि मिटलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "त्यात काही नाही."

आपली कात्री आणि आपली आरी पिशवीत घालून ती निघाली. फर्मे मुद्दाम ठेवले.

दादा अडाणी नव्हता. त्याने मन लावून काम सुरू केलं. रेघ ओढली, रेघेवर कापलं, इतकं नेटकं की बघत राहावं. पण दुमडायला काही उरेना. कडेला कड भिडवून वरून भरपूर डाख ओतायचा, एवढंच हातात राहिलं. बोट परातीत पाच-सहा फेऱ्या सुरेख मारायची. मग तिच्याच थरथरीने डाख तडकायचा, पाणी आत यायचं आणि मेणबत्ती चुर्र करून विझायची. दादाने आधी पत्र्याला दोष दिला, मग डाखाला, मग मेणबत्तीला. शेवटी म्हणे डेपोजवळच्या नळाचं पाणीच जड आहे. नाचता येईना अंगण वाकडं. दादाला तर सगळी गल्ली वाकडी दिसायला लागली.

तिच्या हातच्या बोटी दुकानातून केव्हाच विकल्या गेल्या होत्या, तरी पत्रेवालीला एकच धास्ती होती. दादाला एखादी जुनी बोट मिळाली, ती त्याने उकलून फर्म्यावर पसरली, तर चारही बाजूंचं नख उघडं पडेल. म्हणून मग ती दारोदार हिंडली. जुनी बोट आहे का हो घरात? द्या, बदल्यात कोंबडी घ्या, खुळखुळा घ्या, दोन घ्या. लोकांना वाटलं, बापाची आठवण गोळा करतेय बिचारी. तिनेही डोळ्यांना पदर लावून घेतला दोन-तीन घरी. अशा अकरा बोटी ट्रंकेत गेल्या. बारावी एका परकरी मुलीकडे होती. तिने बोट पोटाशी धरली आणि जी भोकाड पसरली, की पत्रेवालीला काढता पाय घ्यावा लागला. सुदैवाने ते कुटुंब लवकरच दुसरीकडे राहायला गेलं.

"या बोटी तूच केल्यास ना?" घड्याळवाल्याने भिंगातून वर न बघता विचारलं. "मग ही चोरी कुणाची चाललीय?"

"तुम्ही तुमचे काटे फिरवा."

नवी बोटही तिने पुन्हा केली नाही. बाहेर गेली आणि कुणी उकलली तर? कोंबड्या, शिट्ट्या, भिंगऱ्या यांवर तिने घर चालवलं. बोट हे तिचं सगळ्यात आवडतं काम होतं, आणि कधी दुपारी कानात आपोआप ती फटफट सुरू व्हायची. मग ती उठून ट्रंक ओढायची, बोटी मोजायची आणि पुन्हा कामाला बसायची.

बावीस वर्षं गेली. दादाच्या फळीवर प्लास्टिकच्या मोटारी आल्या. बोटी वरच्या फडताळात गेल्या आणि दादा गिऱ्हाइकांना सांगू लागला, "पाण्यात सोडायच्या नाहीत हं. नाजूक कला आहे." हे ऐकून पत्रेवाली इतकी हसली की तिला ठसका लागला.

आणि मग एका दुपारी दादा तिच्या दारात उभा. केस पांढरे, एक गुडघा आखडलेला. आत येऊन तो हवेबद्दल बोलला, गुडघ्याबद्दल बोलला, घड्याळवाल्याच्या खोकल्याची चौकशी केली. ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं. तिने लपवू दिलं. कोंबडीची चोच ठोकत राहिली.

"त्या नव्या संग्रहालयात खेळण्यांचं दालन होतंय," शेवटी तो म्हणाला. "तिथल्या बाईंकडे लहानपणची एक बोट आहे, आपल्या दुकानातली. अशाच बारा हव्यात म्हणाल्या. उद्घाटनाला हौदात सोडायच्या. मग कायमच्या काचेत, खाली कारागिराच्या नावाची पाटी. दीड महिना आहे."

परकरी मुलगीच ती. पत्रेवालीने मनात त्या भोकाडाचे आभार मानले. "मग कर की."

"होत नाहीत, छोटे."

"म्हणजे?"

"बुडतात."

"काय होतं म्हणालास?"

"बुडतात," दादा म्हणाला.

"अस्सं." तिने मोगरी खाली ठेवली. "करीन मी. तीन अटी. फर्मे इथे आणायचे. कात्रीला हात लावायचा नाही, तू कडा घासायच्या, बाराही बोटींच्या. आणि उद्घाटनाला कुणी विचारलं बोटी कुणी केल्या, तर भर सभेत माझं नाव सांगायचं. आणि तू कोण, तेही सांगायचं. वर्तमानपत्रवाल्याला जे सांगितलंस, त्याच शब्दांत."

"कुठल्या शब्दांत?"

त्याला आठवतच नव्हतं. बावीस वर्षं तिने जे उशाशी घेऊन झोप काढली, ते हा माणूस त्याच संध्याकाळी विसरला होता. तिने उशीखालून कात्रण काढून त्याच्या नाकासमोर धरलं. दादाने चष्मा लावून वाचलं, दोनदा वाचलं.

"बरं," एवढंच म्हणाला.

तो गेल्यावर पत्रेवाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अडला हरी..."

"पुढचं म्हणू नकोस," घड्याळवाला म्हणाला. "पाय तुझे धरणार आहे तो."

दुसऱ्या दिवसापासून दादा येऊ लागला. तिने त्याला बुटक्या स्टुलावर, उजेडाकडे पाठ येईल असं बसवलं. तिला बापाच्या खोलीत तशीच जागा होती. पहिल्याच दिवशी त्याची तीन बोटं कापली. तो इकडेतिकडे चिंधी शोधायला लागला.

"लागतं सुरुवातीला," ती म्हणाली. "कमी होतं मग. सवयीने."

घासून दिलेली प्रत्येक कड ती ओठांवरून फिरवून बघे आणि परत फेके. "पुन्हा." कधी खरंच खडबडीत असे, कधी नसे. चौसष्ट वर्षांचा माणूस मान खाली घालून पुन्हा घासे. तिला या सगळ्याचा आनंद झाला का? झाला. रोज झाला, आणि चहाबरोबर पुरवून पुरवून घेतला.

एकोणिसाव्या दिवशी कानशीचा आवाज अचानक थांबला. दादाने बोटीच्या तळाचा कापलेला पत्रा फर्म्यावर ठेवला होता. मग त्याने आपला चिंध्या बांधलेला अंगठा रेघेला टेकवला.

"नख," तो म्हणाला.

तिने मोगरी चालूच ठेवली.

"रेघेबाहेर एक नख. एवढंच होतं?"

"एवढंच."

"तुला माहीत होतं. त्या दिवशीही, मी फर्मे ठेवून घेतले तेव्हाही."

"तेव्हाही. आणि तुला कळू नये म्हणून हेही केलं." तिने ट्रंक खसकन ओढली आणि झाकण उघडलं. त्याला कळल्याशिवाय सूड पुरा होत नव्हता, हे तिला त्या क्षणी समजलं. "अकरा घरं हिंडले. बघ."

दादाने अकरा बोटी बघितल्या. "मला वाटायचं माझ्या हातातच खोट आहे," तो हळू म्हणाला. "बाबांच्या फोटोकडे बघायला नको वाटायचं. फोटो आतल्या खोलीत नेऊन ठेवला मी."

"आणि मी बावीस वर्षं बोट केली नाही," ती ओरडली. "तुझ्यापायी! ते कोण मोजणार?"

घड्याळवाल्याने भिंग काढून ठेवलं. दादा उठला, कानशीवरचा चुरा झटकला, कानस जागेवर ठेवली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या नाही. आठवडा गेला, दोन गेले. गुपित मिळालं होतं. आता कशाला येईल? गरज सरो, वैद्य मरो. राहिलेल्या बोटींच्या कडा तिने स्वतःच घासल्या, शिव्या देत. शेवटी बाराही परातीत सोडून पाहिल्या. पहिली फटफट कानावर पडली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. या आवाजावाचून आपण कसे राहिलो, हेच तिला कळेना. मग दादा आठवला आणि पाणी तिथेच आटलं.

उद्घाटनाला निघताना तिने आरी पर्समध्ये टाकली.

"ती कशाला?" घड्याळवाल्याने विचारलं.

"खोटं बोलला, तर बाराही बोटींना भोकं पाडीन. सगळ्यांसमोर. एकेक करून."

घड्याळवाला म्हणाला, "चप्पल नीट घाल. फरशी गुळगुळीत असते तिथली."

दालनात गर्दी होती. मधोमध उथळ हौद, त्याच्याभोवती खुर्च्या. पत्रेवाली पहिल्या रांगेत बसली. दादा आधीच आलेला होता, इस्त्रीच्या सदऱ्यात, हातात कापडी पिशवी. पिशवीत काहीतरी टोकेरी होतं. तिने ओळखलं. याने स्वतःची बोट आणली होती, नखासकट कापलेली. म्हणजे आता हा म्हणणार, बघा, घराण्याची कला. तिने पर्समध्ये हात घातला आणि आरीची मूठ धरली.

तिच्या बारा बोटी सुटल्या. सगळा हौद फटफटायला लागला. म्हातारे लोक खुर्च्यांवरून उठून काठाशी आले, बाई टाळ्या वाजवत होत्या. मग दादाने पिशवीतून आपली बोट काढली, मेणबत्ती पेटवली आणि गुडघा धरत वाकून ती पाण्यात सोडली. वेडीवाकडी बोट. दुमड कुठे जाड, कुठे पातळ. पण पाच फेऱ्या झाल्या, सहा झाल्या, दहा झाल्या. बुडाली नाही. दादा तिच्याकडे असा बघत होता की सभा आहे हे त्याला आठवत नसावं. फिरत फिरत ती पत्रेवालीसमोर काठाला लागली. तिने सवयीने तिच्या कडेवरून बोट फिरवलं. कडेत चूक काढायला जागा नव्हती. तिच्या स्वतःच्या कडांपेक्षा उजवी होती, आणि हे तिला अजिबात आवडलं नाही.

बाईंनी दादाच्या हातात माइक दिला. "आता आपणच सांगा. या बोटी कुणी केल्या?"

बोलून माणसं गुंडाळणारा दादा, आणि त्याला शब्द सापडेना. पत्रेवालीने आरी पर्सच्या तोंडाशी आणली.

"हिने," दादा म्हणाला आणि तिच्याकडे बोट दाखवलं. "बाराही हिने. तुमच्याकडची जुनी आहे, तीसुद्धा हिनेच. बाबांचे हात थरथरायचे. शेवटची नऊ वर्षं दुकानातलं सगळं हिने केलं. पाटी खोटी होती."

खुर्च्या करकरल्या, माना तिच्याकडे वळल्या. बाई गोंधळल्या. "मग आपण?"

दादाने माइक खाली केला. बोटांवरच्या चिंध्या गेल्या होत्या, वण होते. पहिल्या रांगेला कसंबसं ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "मी कडा घासतो."

दालनात नुसती फटफट ऐकू येत होती. घड्याळवाल्याने बायकोच्या दंडाला हलकेच स्पर्श केला, म्हणजे झालं आता. पत्रेवालीने पर्समधून हात बाहेर काढला. रिकामा. ती उभी राहिली, पदर नीट केला आणि भावाच्या डोळ्यांत बघत म्हणाली:

"मोठ्याने बोल, दादा. मागे ऐकू गेलं नाही."